पांदणीची बातमी

"काका, तुमाले आता बाहेर बसा लागते."

समताच्या तोंडून वाक्य निघालं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. समोर भगवानराव. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, वय सत्तरीचं, आणि ज्या खोलीतून त्यांना बाहेर जायला सांगायचं ती खोलीही त्यांचीच. संस्थेच्या बातमीपत्राला त्यांनी ती फुकट वापरायला दिली होती, पंख्यासकट.

हे बातमीपत्र म्हणजे काही पेपर नव्हे. ना मालक, ना जाहिरात. देणग्यांवर चालणारी छोटी संस्था, अमडापूरच्या आसपासची बारा गावं, आणि रोज संध्याकाळी सहा हजार फोनवर जाणारी एक बातमी. ती लिहायची समतानं. गावाचं मन कळावं म्हणून संस्थेनं तीन सल्लागार नेमले होते: भगवानराव, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या तानुबाई आणि बौद्धवाड्यातले म्हातारे सहदेवबाबा. बातमी आधी या तिघांना वाचून दाखवायची, आणि बातमीशी ज्याचा संबंध असेल त्यानं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं; पाठवायची की नाही ते उरलेल्यांनी सांगायचं. हा नियम त्या तिघांनीच केलेला. आजवर मात्र कुणावर उठायची पाळी आली नव्हती. शाळेचं छप्पर, एसटीची बंद झालेली फेरी, असल्या बातम्यांना कोण कशाला उठतंय!

आजची बातमी पांदणीची होती. गावातून शेतवस्तीवर जाणारी ही वाट कागदावर अठरा फुटांची. चिंचेजवळच्या वळणावर ती सात फूट उरली होती. दरवर्षी नांगरताना शेतकऱ्यांनी बांध पुढे पुढे सरकवलेले. गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या अंबूबाईंचा पाय मोडला, तेव्हा त्यांना बाजेवर घालून आणावं लागलं, आणि नेमकी त्या वळणावर बाज अडकली. अर्धा तास म्हातारी चिखलात विव्हळत होती. आता तिथल्याच काजलला नववा महिना लागलेला, आणि पाऊस तोंडावर. बातमी आज गेली तर तहसीलचे लोक मोजणीला येण्याची काही आशा होती. नाही गेली तर काजलचं काय होईल, या विचारानं समताचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं स्वतः टेप लावून मोजलं होतं. वळणावर भगवानरावांचा बांध चार फूट पुढे. आणि तसं तिनं बातमीत लिहिलं होतं, नावासकट, आणि आत्ताच तिघांना वाचून दाखवलं होतं.

 भगवानराव टोपी सारखी करत उठले.

"आमीच केलेला नियम तू मलेच सांगून राह्यली. सांग बापा. पण एक ध्यानात ठेव पोरी, नियम साऱ्याले सारखा लागते."

ते बाहेर गेले.  हे धमकावून गेले का, समताला कळेना. उद्या खोलीला कुलूप लागणार, संस्था गाव सोडणार, आणि काजलची बाजही त्याच वळणावर अडकणार. 

तेवढ्यात तानुबाईंनी गुडघ्यावर हात टेकला. "मंग मले बी उठा लागते. आमच्या घरच्यायनं बी वळण सोडून खालच्या अंगाले बांध सरकवला हाये. इतके दिवस मी गप बसली." आणि त्याही पदर सावरत गेल्या.

समतानं घाबरून सहदेवबाबांकडे पाहिलं. "बाबा, तुमी तं नाही ना उठत?"

"मले वावरच नाही, तं मी काऊन उठू?" बाबा मिश्किल हसले. "घे! आता सल्ला द्याले मी एकलाच उरलो."

समताला हायसं वाटलं. "मंग सांगा ना. पाठवू बातमी?"

"पाठव. त्या दोन जिवाच्या पोरीसाठी तं पाठवाच लागते." बाबा थांबले. "पण आंधी तू बाहेर जाऊन बस."

तिला चेष्टाच वाटली. ती हसली. बाबा मात्र आता हसत नव्हते.

"अठरा फुटाची वाट सात उरली. म्हंजे अकरा फूट गेली. चार भगवानरावनं घेतली. बाकीची सात कोणाच्या वावरात हाये वं माय?"

 त्याच वळणावर, भगवानरावांच्या बांधासमोर, पलीकडच्या अंगाला समताच्याच बापाचं, देवानंदचं तीन एकर वावर होतं. त्या वावराच्या जिवावर ती शिकली होती. भगवानरावांचा बांध तिनं दोनदा मोजला होता, आणि मग टेप गुंडाळून पिशवीत टाकला होता. पलीकडे तिनं तो लावलाच नव्हता. विसरले, असं ती आता स्वतःलाही सांगू शकत नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. बाप आपल्याशी पुन्हा बोलेल का?

ती ओट्यावर आली. तानुबाईंनी सरकून जागा दिली.

"काका, तुमचं म्हणणं घ्यायचं राह्यलं," ती कशीबशी म्हणाली. ज्याचं नाव छापायचं, त्याचं म्हणणंही छापायचं, अशी तिची रोजची रीत होती.

"माह्यं घेशीन मंग," भगवानराव म्हणाले. "आंधी घरचं घे."

तिनं फोन लावला. पलीकडून बापाचा नेहमीचा लाडाचा आवाज आला. "बोल वं बाई. जेवली का?"



"बाबा, मी बातमीपत्रातून बोलून राह्यली. पांदणीत तुमचा बांध सात फूट पुढं हाये. तुमचं म्हणणं काय?"