पांढऱ्या पानांचा फोटो

"हात लावू नकोस अजून. पोटात वीज असते त्याच्या," मावशी म्हणाली आणि तिनं भाचीच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

बॅटरी तर केव्हाच काढली होती. पण फ्लॅशसाठी साठवलेली वीज नंतरही आत दबा धरून बसते, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. "तुझ्या आईनं एकदा असंच फ्लॅशगनमध्ये बोट घातलं. अशी किंचाळली, की खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक फोटो न काढताच पळालं." मावशी खुदकन हसली. मग एकदम हसू आवरून बारीक स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागली.

आजोबांचा फोटो स्टुडिओ रिकामा करायचा होता. जागा विकली गेली होती. पडदे उतरले होते, फ्रेमा काढलेल्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरले होते. कुलूप लागण्याआधी भाचीला स्टुडिओचा एक फोटो हवा होता. साधा नाही, इन्फ्रारेड.

"आपल्याला न दिसणारा एक उजेड असतो, मावशी. कॅमेऱ्याला तो दिसतो, पण आत एक निळसर काच बसवून तो अडवलेला असतो. ती काच काढली की झाडाची पानं पांढरीशुभ्र येतात."

"त्यासाठी चांगला कॅमेरा कशाला उचकटायचा? झाडाला पाणी घालायचं बंद कर."

म्हणाली खरी, पण टेबलावरचा मोठा दिवा तिनंच जवळ ओढला. काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि कामाला लागली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर उजेड सोसेना म्हणून तो चष्मा आला होता. आता त्याच्याशिवाय मावशी कुणाला आठवतही नव्हती.

निघालेला एकेक स्क्रू तिनं चिकटपट्टीवर ओळीनं चिकटवला. तारांच्या नाजूक पट्ट्या चिमट्यानं सोडवल्या. सगळ्यात आत, नखाएवढी, ती निळसर काच होती. तिच्या जागी जुन्या स्लाइडच्या फ्रेममधली साधी काच कापून बसवली. आता दिसणारा उजेड अडवायला काहीतरी काळं हवं होतं. मावशीनं कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि धुतलेल्या फिल्म रोलचं काळंकुट्ट टोक बाहेर काढलं.

"तुझी आई यांच्या रिबिनी करून वेणीला बांधायची. शाळेत बोलणी खायची, पण बांधायचीच." तिनं दोन तुकडे कापून एकावर एक ठेवले आणि लेन्सवर चिकटवले. "घे. यातून तुला-मला काही दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसेल."

एके काळी या स्टुडिओत आई फोटो काढायची आणि मावशी आतल्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायची. आजोबा गेले तेव्हा आई सासरी, लांबच्या गावी होती. पोहोचायला उशीर झाला. दारातच मावशी म्हणाली, "आता काय, फोटो काढायला आलीस?" आई तिथूनच माघारी फिरली. त्यानंतर घरात लग्नं झाली, वाढदिवस झाले. दोघी एका छताखाली यायच्या, पण आई दिसली की मावशीचं तोंड दुसरीकडे वळायचं. आईही मग ताटकळत थांबायची नाही.

दुपारी आई उरलंसुरलं सामान बघायला आली. मावशीनं लगेच चष्मा डोळ्यांवर ओढला.

"तुझ्या आईला सांग, बाबांचा कॅमेऱ्याचा स्टँड न्यायचा असेल तर ने म्हणावं."

"तुझ्या मावशीला सांग, मला काही नको."

दोघींमध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. भाची म्हणाली, "मी पोस्टमन नाही. चला, बाहेर पायरीवर उभ्या राहा. स्टुडिओचा शेवटचा फोटो आहे. त्यात तुम्ही नकोत तर कोण हवं?"

दोघी बाहेर आल्या. आई पायरीच्या एका टोकाला उभी राहिली, मावशी दुसऱ्या टोकाला. मावशीनं मान ताठ ठेवून रस्त्याकडे तोंड केलं. भाचीनं बटण दाबलं.

छोट्या पडद्यावर फोटो उमटला. आभाळ काळं झालं होतं. दारावरचा वेल बर्फ पडल्यासारखा पांढरा होता. भाची आनंदानं ओरडणार, तेवढ्यात तिचं लक्ष मावशीच्या चेहऱ्याकडे गेलं. न दिसणाऱ्या त्या उजेडात चष्म्याची काळी काच साध्या काचेसारखी आरपार दिसत होती. तोंड रस्त्याकडे होतं. डोळे मात्र कोपऱ्यात वळून थेट आईवर खिळले होते.

भाचीनं कॅमेरा आईच्या हातात दिला.

आईनं पडदा डोळ्यांजवळ धरला. मग कितीतरी वर्षांनी, भाचीला मध्ये न घालता, ती बोलली.

"ताई, तू माझ्याकडे बघत होतीस?"

मावशीनं वाकून पडद्याकडे पाहिलं. दुसरी कुणी असती तर कॅमेरा बिघडलाय म्हणून मोकळी झाली असती. पण तो तिनं स्वतःच्या हातानं जुळवला होता. ती पायरीवर खाली बसली आणि भर उन्हात तिनं चष्मा काढला.

आई घाबरून पुढे झाली. तिनं स्वतःच्या तळहातांची सावली मावशीच्या कपाळावर धरली. "अगं, ऊन केवढं आहे! डोळ्यांना त्रास होईल."

"काही होत नाही," मावशी म्हणाली. "डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगितलं त्याला कितीतरी वर्षं झाली. पण काढला असता, तर तुझ्याकडे बघितलं कसं असतं?"