घुबडांची जोडी

पोलीस बाईंनी प्लॅस्टिकची छोटी पिशवी टेबलावर ठेवली. आत एक कानातलं होतं. मागे तुमचा शिक्का आहे, बाजारात ज्याला विचारलं त्यानं इकडेच पाठवलं, असं त्या म्हणाल्या.

सगळी गल्ली जिला क्लेवाली म्हणायची, तिनं हातातला क्लेचा लाटलेला तुकडा बाजूला ठेवला, बोटं पुसली आणि पिशवी उजेडात धरली. नखाएवढं राखाडी घुबड. एक डोळा मिटलेला. अशी जोडी तिनं एकदाच केली होती. पॉलिमर क्लेची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक केलेल्या प्लॅस्टिकच्या मातीची, वस्तू हातात देताना ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, अत्तर लागू देऊ नका, उन्हात टाकू नका, पाण्याला मात्र घाबरू नका. ते खरंच होतं. हुक गंजून काळा पडला होता आणि घुबड कालच ओव्हनमधून काढल्यासारखं दिसत होतं.

नदीच्या बंधाऱ्याला एका बाईचा देह अडकला होता. पंधरा-वीस दिवस पाण्यात असावा. चेहरा ओळखू येत नव्हता, वयाचाही अंदाज लागत नव्हता. ओळख पटवायला एवढं एक कानातलं होतं, कुणाला विकलं ते आठवतंय का, असं पोलीस बाईंनी विचारलं.

न आठवायला काय झालं? चौकातल्या टेलर काकूंच्या मुलीनं ती जोडी घेतली होती आणि दुकानातच कानात घालून गेली होती. घरी काकू म्हणाल्या, कानात घुबडं कुणी टांगतं का, जरा आरशात बघ. भांडण घुबडांवरून पेटलं आणि नोकरी, मैत्रिणी, मेलेला बाप असं करत भलतीकडेच गेलं. मुलीनं एक कानातलं ओरबाडून आईच्या अंगावर फेकलं आणि दुसरं कानात तसंच ठेवून ती घराबाहेर पडली. त्याला दोन वर्षं झाली. ना फोन, ना पत्र.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी काकू दुकानात यायच्या. मुलीनं फेकलेलं घुबड रुमालात बांधून आणायच्या. कधी हुक सैल झालाय म्हणायच्या, कधी रंग उतरल्यासारखा वाटतोय. हुक घट्टच असायचा, रंगही जागच्या जागी असायचा. तरी क्लेवाली साबणाच्या पाण्यानं ते धुऊन द्यायची, मऊ फडक्यानं चमकवायची. काकू दाराशी उभ्या राहून विचारायच्या, दुसरं दुरुस्तीला घेऊन ती कधी इथे आली नाही ना? नाही आली, पण येईल काकू, असं क्लेवाली सांगायची. दोन वर्षं तिनं हेच सांगितलं होतं. दुसरं काय बोलणार? या महिन्यात सोमवार कोरडाच गेला, तेव्हा तिला खरं तर हायसं वाटलं होतं. काकूंनी हळूहळू मनाची समजूत घातली असावी, असं ती धरून चालली होती.

आता पोलीस बाई उत्तराची वाट बघत होत्या. आठवत नाही म्हटलं असतं, तर त्या वहीत तसं लिहून निघून गेल्या असत्या. काकू पुढच्या महिन्याच्या सोमवारी आल्या असत्या, आणि तिनं पुन्हा सांगितलं असतं, येईल. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. बेवारस म्हणून त्या पोरीला कुणीतरी परकी माणसं पोचवणार आणि आई इकडे रुमालाला गाठी मारत बसणार.

"मला माहीत आहे कुणाचं आहे ते," ती म्हणाली. "तिच्या आईला मी सांगते. तुम्ही फक्त सोबत चला."

चौकापर्यंत दहा मिनिटांची वाट. ती दोन वेळा थांबली. काकू, जरा बसा, असं आधी म्हणायचं. मग त्यांचा हात धरायचा. घुबड लगेच दाखवायचं नाही. नखांत लाल क्ले अडकली होती, ती चालता चालता काढत राहिली. दारापाशी तिला वाटलं, आपण दोन वर्षं काकूंना खोटं सांगितलं, आता एकदा खरं सांगितलं की त्या आपल्याकडे कधीच येणार नाहीत. मग तिनं कडी वाजवली.

दार उघडलं ते मुलीनं.

खांद्यापर्यंत कापलेले केस, गालाची हाडं वर आलेली, पण तीच. डाव्या कानात घुबड होतं, एक डोळा मिटलेलं. उजवा कान रिकामा.

पोलीस बाईंनी क्लेवालीकडे पाहिलं, मग मुलीच्या कानाकडे पाहिलं आणि हातातली पिशवी मुठीत मिटून घेतली.

मुलीनं आधी क्लेवालीला ओळखलं, मग वर्दी पाहिली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आईचा पत्ता लागला का, ताई? मी शनिवारी आले तर घराला कुलूप. शेजारच्या मावशींनी किल्ली दिली. त्या म्हणाल्या, मी नदीकाठच्या गावात दिसले असं कुणीतरी आईला सांगितलं, म्हणून ती वीस दिवसांपूर्वी मला शोधायला गेली. ओळख पटावी म्हणून मी फेकलेलं घुबड स्वतःच्या कानात घालून गेली."