गेटवरची आदिमाया

कारखान्याच्या गेटपाशी बसवायला मालकांना मातृशक्तीची मूर्ती हवी होती. मी भरल्या दिवसांची बाई घडवली. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर, पाय सुजलेले. दोन महिने मी तिच्यातून डोकं वर काढलं नाही.

आज मालक बघायला आले आणि चपला काढून तिच्यापुढे हात जोडून उभेच राहिले.

"साक्षात आदिमाया! ताई, कुणाला समोर बसवून केलीत ही? सगळ्या कामगारांसमोर त्या बाईचा सत्कार करू आपण."

मी हात पुसले.

 

"तुमच्याच पॅकिंग खात्यातली आहे. सातवा महिना लागला म्हणून तुम्ही तिला कामावरून काढलंत, तेव्हापासून माझ्यासमोर बसायला रिकामीच होती ती."