कानापलीकडची कुरकुर

भाचा सोलरच्या इन्व्हर्टरचं झाकण उघडून बसला होता आणि आत्या दारातून फाटकाकडे बघत होती. फाटकाबाहेर तिचा कुत्रा, भोपळ्या, पाय पसरून पडला होता. भाच्याने स्वतः बनवलेला हा इन्व्हर्टर भिंतीवर चढला, तेव्हापासून भोपळ्याच्या स्वारीने घरात पाऊल टाकलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्या घरात आत्याला सोबत म्हणून तेवढाच एक जीव होता.

"बिघाड काहीच नाही," भाच्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघ. जुना इन्व्हर्टर व्होल्टेज धाडकन वर चढवायचा, धाडकन खाली आणायचा. म्हणून पंखा गुणगुणायचा. मी त्याच चढाच्या बारीक पायऱ्या केल्या. लाट कशी गोल आलीये!"

आत्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोर एवढं जीव तोडून दाखवतंय म्हणून तिने मान डोलावली.

"मग ती पंख्याची कुरकुर गेली कुठे?"

"थोडी उरलीच. पण आतले स्विच इतके भरभर चालवलेत, की तिचा सूर पार वर गेला. कुणाला ऐकूच येत नाही."

"कुणाला म्हणजे?"

भाच्याची नजर फाटकाबाहेरच्या भोपळ्याकडे गेली. याच लाटेसाठी प्रयोगशाळेत सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. तिथे कान लावायला सगळी माणसंच होती.

"स्विचचा वेग कमी करता येईल," तो म्हणाला. "पण मग आवाज येईल गं. लाटही बिघडेल."

"बिघडू दे."

त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी त्याने आकडे बदलले. पंखा गुणगुणू लागला. पडद्यावरच्या गुळगुळीत लाटेला करवतीसारखे दाते फुटले, आणि त्याला ते बघवेना.

फाटकाशी भोपळ्याने कान टवकारले. तो उठला, दाराशी घुटमळला, जमीन हुंगली आणि भाच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला.

"दिवसभर डोकं उठवेल हा आवाज तुझं," भाचा पुटपुटला.

आत्या ताट वाढून घेऊन टेबलाशी बसली होती.

"उठवू दे. जेवताना हात खाली सोडला, की काहीतरी उबदार लागावं रे. नाहीतर घास उतरत नाही."