गडाखालची मोजदाद

"एकवीस, बावीस." बसच्या दारात सांडूमामांनी शेवटच्या माणसाच्या खांद्याला बोट लावलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ही तिसरी खेप. पाय भरून आलेली शहरातली मंडळी आत बसून हसत होती. पण मामांची मोजदाद संपल्याशिवाय ड्रायव्हर किल्ली फिरवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्यांदाही बावीसच भरले. चढले तेवढे उतरले. तरी मामांनी सवयीनं गडाच्या वाटेकडे एकदा बघितलंच.

संस्कृती मोबाईल धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. संभाजीनगरात तिच्या ग्रुपनं मामांचा सत्कार ठरवला होता आणि तिथं दाखवायला ती त्यांच्या आयुष्यावर छोटीशी फिल्म करत होती. शेळ्यांमागं हा डोंगर कसा पालथा घातला, कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा वाट दाखवली तेव्हा गाईड हा शब्दही कसा माहीत नव्हता, सगळं सांगून झालं होतं. आता एकच वाक्य राहिलं होतं.

"मामा, एवढंच म्हणा. सव्वीस वर्षांत एकही माणूस गडावर राहिला नाही."

हे वाक्य मामा शेकडो वेळा बोलले होते. आज त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वाटेच्या वळणावर मोनिका दिसली. डोक्यावर भांड्यांची पाटी. गडावर पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून घालायची आणि सगळं आवरून शेवटी उतरायचं, हे तिचं काम. तीन वेळा मोजून झालं होतं आणि त्यात मामांची ही एकुलती एक लेक नव्हती.

पाहुणे मोजायचे, घरचं माणूस मोजायचं नाही. मामांच्या आईची, मनकर्णाबाईंची, ही शिकवण. मोजलेलं कमी होतं, असं ती म्हणे. जनगणनेवाल्यालाही तिनं लेकरांचा आकडा सांगितला नव्हता. हे काय अंगणात खेळतायत, तूच बघ अन् लिही, म्हणाली. मामा तिच्याच तालमीत वाढले. मोनिकाच्या आधी स्वयंपाकाला द्वारकाबाई असायची, त्यांची बायको. तिलाही त्यांनी कधी मोजलं नाही.

ती जाऊन सात वर्षं झाली. एक पातेलं वर विसरलं होतं, ते आणायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच गेली आणि तिला पान लागलं, म्हणजे साप चावला, असं अख्खं गाव सांगतं. तेव्हापासून मामा तीनदा मोजतात. लोक म्हणतात, काय काळजी घेतात. मामांना मात्र आकडा बरोबर आला तरी कुणीतरी कमी असल्यासारखंच वाटत राहतं.

"मामा, बोला ना," संस्कृती म्हणाली.

"राहिलं," मामा म्हणाले. "एक माणूस राहिलं. मोनिकाची आई."

संस्कृतीला कळेना. "पण त्या तर दुसऱ्या दिवशी..."

"ते म्याच सांगितलं समद्यांना. खोटं हाय ते." मोनिका येऊन मागं उभी राहिली होती, हे मामांना कळलं होतं. हे तिच्या कानावर गेलं तर ती आपलं तोंड बघणार नाही, या धास्तीनं त्यांनी सात वर्षं काढली होती. तिच्याशिवाय त्यांना होतंच कोण? पण आता थांबणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

"त्या दिशी पाहुणे तीस व्हते. तीस भरले, तसा मी बसमधी बसून शहरात गेलो. सकाळी तिथल्या छावणी भागातून दुसरा ग्रुप घ्यायचा व्हता. वाटलं, ही गेली आसंल घरी. आमची बोलाचाली झाली व्हती. तिचा फोन घ्यायचाच नाय म्हणून मोबाईल बंद केला. दुसऱ्या दिशी घरी आलो तर चूल थंड. तसाच वर पळालो. पाण्याच्या टाक्यापाशी बसलेली घावली, भिंतीला टेकून. पाय मुरगळला व्हता. पान त्या पायाला रातच्यालाच लागलं आसंल. मी परतेक ग्रुपला सांगतो, मागं राहिलात तर हलू नका, मी मोजून वर येतो. लई वर्षं ऐकत आली व्हती ती. तिनं तसंच केलं."

संस्कृतीचा मोबाईल कधीच खाली गेला होता. मामांनी मागं वळून बघितलं नाही. मोनिकानं पाटी जमिनीवर ठेवली. ती आता निघून जाणार, असं त्यांना वाटलं.

"मला ठावं व्हतं, आबा," ती म्हणाली.

मामा वळले.

"दिवस बुडताना आईचा फोन आला व्हता. मी सिल्लोडला मावशीकडं व्हते, सातवीत. म्हणली, पाय मुरगळलाय, तुझ्या आबाचा फोन लागंना. पण तू उगं बोभाटा करू नको, ते मोजतील अन् येतील." मोनिकानं पाटीतलं एक भांडं नीट लावलं. "मावशीनं इचारलं, काय म्हणली गं आई? म्या म्हणलं, काय नाय. आबा मोजत्यात, हे मला ठावं व्हतं."