लोकांचं ऐकलं

धुळ्याच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर दिवल्या एका सामन्यात चुकला, आणि चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने त्याला काढण्याचा धोशा लावला. प्रशिक्षक प्रकाश सरांना ते मुळीच पटेना, पण संघाचे अध्यक्ष म्हणाले, "सर, लोकांचं ऐकावं लागतं." सरांनी जड मनाने त्याला निरोप दिला. दिवल्या बूट पिशवीत घालून निघून गेला.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात जळगावकडून खेळताना त्याने धुळ्याच्या तीन पेनल्टी अडवल्या. धुळं हरलं. मैदानाबाहेर अख्ख्या ग्रुपने सरांना घेरून जाब विचारला.



"सर, हाऊ पोऱ्या तं आपला धुळानाच शे. याले कोनी काढं?"