कारण लिहा

"कारण लिहा." दत्तारामांचं उत्तर आलं. नेहमीसारखं दोन मिनिटांत.

मेघनाने लॅपटॉप पुढे ढकलला. "आख्ख्या सकाळच्या कामावर दोन शब्द!"

"तीन कधी मिळाले होते?" उन्मेष मटार सोलता सोलता म्हणाला.

"परवा. ‘चाचणी चालवली का?’"

परळच्या दोन खोल्यांत बसून बायको ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, ते फुकट आहे आणि कोणाच्याच मालकीचं नाही, एवढं उन्मेषला कळलं होतं. मराठी पुस्तकं छापायच्या कामी येणारं. देशोदेशीच्या तीनशे जणांनी पंधरा वर्षं त्यात भर घातली होती. झाडू मात्र कोणी मारला नव्हता. कुठला तुकडा आधी जोडायचा, कुठला नंतर, हे मशीनला सांगणाऱ्या बिल्ड फाइलींचा तर पार माळा झाला होता. एकच सूचना नऊ ठिकाणी. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरांची नावं. ‘हे तात्पुरतं आहे’ असा अकरा वर्षांपूर्वीचा शेरा. हा माळा आवरायचं मेघनाने अंगावर घेतलं होतं.

पण प्रत्येक बदल आधी दत्तारामांच्या नजरेखालून जायचा. ते भोईवाड्यात राहतात म्हणे, चालत वीस मिनिटांवर. भेट कधी नाही. ह्या कामात कोणी कोणाला भेटत नाही.

त्यांची उत्तरं मात्र कधीही यायची. "ओळ बेचाळीस. शेवटी मोकळी जागा." "हेच दुसऱ्या फाइलीत आहे." पाडव्यालाही. भर दुपारी, क्रिकेटची फायनल चालू असतानाही.

"अगं, हा माणूस जेवतो कधी?"

"माझं डोकं खातो ना."

खरं दुखणं वेगळंच होतं. चार वर्षांपूर्वी, बघून बघून शिकलेल्या मेघनाने भीत भीत पहिला बदल पाठवला, तेव्हा ह्याच माणसाने लिहिलं होतं, "मीही मिल बंद पडल्यावर आपलं आपण शिकलो. शिकून आलेल्यांपेक्षा आपल्याला जास्त चुका माहीत असतात. लिहीत राहा, पोरी." त्रेचाळिसाव्या वर्षी तिला कोणी पोरी म्हणालं नव्हतं. ते उत्तर छापून तिने कपाटात ठेवलं होतं. पुढच्या वर्षभरात मात्र उत्तरं आखडत दोन-चार शब्दांवर आली. आपलं काय चुकलं, तिला कळेना. हा माळा आवरून झाला की ते एक, एकच पूर्ण वाक्य लिहितील, अशी तिची आशा होती.

आता अडलं होतं ते मुख्य फाइलीच्या तळाशी. कोणी बदल पाठवला की मशीन त्या बदलासकट ही फाइल तळापर्यंत चालवायचं. तिथे एक ओळ होती: ‘शेवटी सातला कळव.’ पुढे शेरा: ‘राहू दे.’ हे सात म्हणजे काय, तीनशे जणांत कोणालाच माहीत नव्हतं.

"ही ओळ कशासाठी आहे?" तिने दत्तारामांना विचारलं.

"कारण लिहा."

"अहो, कारण तर मीच विचारतेय!"

"कारण लिहा."

सोमवारी तिने ती ओळ काढून टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कोणालाच माहीत नाही.’

दोन मिनिटं गेली. दहा गेली. भाजी शिजली, तरी उत्तर नाही.

"दत्ताराम गप्प? म्हणजे संमती," प्रकल्पाचा प्रमुख हर्षवर्धन पुण्याहून म्हणाला आणि मंगळवारी दुपारी त्याने तो बदल मूळ फाइलीत घेतला. चौदा जणांनी अभिनंदन केलं. दत्तारामांचं काही नाही.

बुधवारी मेघनाने एका ओळीच्या शेवटी मुद्दाम मोकळी जागा सोडली. गुरुवारी दोन ओळींच्या.

"रुसले ते," उन्मेष म्हणाला. "भेटूनच ये."

प्रकल्पाचा टी-शर्ट एकदा सगळ्यांना पोस्टाने गेला होता, म्हणून हर्षवर्धनकडे पत्ता निघाला. रविवारी सकाळी लालबागचा अर्धा किलो चिवडा घेऊन ती भोईवाड्यात पोचली. आधी भांडायचं आणि मग नमस्कार करायचा, की उलट, हे जिन्यातही ठरत नव्हतं. पहिला मजला, खोली नंबर सात.

दार सत्तरीच्या बाईंनी उघडलं.

"दत्ताराम आहेत?"

"त्यांना जाऊन दसऱ्याला तीन वर्सं होतील, बाय."

चिवड्याची पिशवी मेघनाच्या हातातच राहिली.

"कॉम्प्युटरवाल्या काय तुमी?" बाईंनी एकदम तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. कॉटखाली एक जुना कॉम्प्युटर होता. पुसून लख्ख, वर क्रोशाचा रुमाल. "दुखणं कळलं तसं त्यांनी सगळी उत्तरं ह्याच्यात भरून ठेवली. म्हणाले, ह्याला बंद करू नको. हिरवा दिवा लुकलुकला की समज, मी कामावर आहे. दिवसभर लुकलुकायचा मेला. पाडव्यालापन."

त्या वाकल्या आणि पदराने तो दिवा पुसला.

"मंगळवारी दुपारपासनं बंद हाय. वायर हलवून बघितली. काय कारण असंल, बाय?"